ठसका लागला म्हणजे लागू पडलं

दुसऱ्यांची घरं घासून ज्या बायका आपलं घर चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. स्वतःचंच घर घासणाऱ्यांनी वाचलं तरी काही बिघडणार नाही. मला लिहायची सवय नाही, दहावीनंतर वही सुटली ती सुटलीच. सुनेने मोबाइलवर बोलून लिहायचं शिकवलं होतं, पण माझं वाक्य एका दमात पुरं होत नाही आणि मी श्वास घ्यायला थांबले की मोबाइलला वाटतं बाई संपली. म्हणून पेन धरलंय. अक्षराला हसू नका.

चौदा वर्षं झाली, मी लोणावळ्याजवळ वलवणच्या बंगल्यांमध्ये साफसफाई करते. आमचं घर गावातच. नवरा तळेगावला कंपनीत पाळीवर जातो. मुलगा नोकरीसाठी चाकणला राहतो, सुट्टी मिळेल तेव्हा घरी येतो. सून प्रियांका माझ्याजवळ असते. ती कार्ल्याची, बारावी झालेली, आणि प्रत्येक गोष्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचणारी. या सवयीवरून मी तिला फार चिडवायचे. "बिस्किटाचा पुडा बी वाचून खाती आमची सून," असं चारचौघींत सांगायचे. ते आठवलं की आता लाज वाटते.

डबल

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याला बुरशीचं काळं येतं. चपलेला येतं, फोटोमागच्या भिंतीला येतं, कपाटात ठेवलेल्या पट्ट्याला येतं. बंगल्यातल्या बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सच्या सांध्यांत तर ते असं मुरतं की घासून घासून हाताची सालं निघाली तरी हलत नाही. भाड्याने उतरणारे पाहुणे आल्या आल्या आधी बाथरूम बघतात. काळं दिसलं की फोटो काढून मालकाला पाठवतात. मालक केअरटेकरला झापतो आणि केअरटेकर मला. आणि एक पाहुणे अकराला निघाले की दुसरे एकला दारात, एवढ्या वेळात चार-चार बाथरूम.

यावर मी एक तोड काढली होती. सांध्यांवर ब्लिचिंग पावडरीचा लगदा लावायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि वरून संडास धुवायचं ॲसिड ओतायचं. फसफस फेस यायचा आणि पाच मिनिटांत काळ्याचं पांढरं. बायका त्याला 'डबल' म्हणायच्या. नंदाचा डबल. कोणाचं बाथरूम निघत नसेल तर मला बोलावणं यायचं, आणि मीही पदर खोचून अशी जायचे की जणू ऑपरेशनच करायचंय. घराबाहेरच्या सात जणींना मी तो डबल शिकवला. कोणाला खोकला आला तर म्हणायचे, "ठसका लागला म्हंजी लागू पडलं. ठसका न्हाई तर माल डुप्लिकेट." सगळ्या हसायच्या.

ॲसिड सुटं मिळायचं, दारावर येणाऱ्या सायकलवाल्याकडे, पाण्याच्या जुन्या बाटलीत. त्यावर ना नाव ना गाव. पावडरीच्या पिशवीवर मात्र छापलेलं होतं की ही दुसऱ्या कशात मिसळू नका. चौदा वर्षांत मी ते वाचलं नाही.

बुधवार

भाद्रपद संपत आला होता. धरणाकडच्या एका बंगल्यात शनिवारी पाहुणे येणार होते. चार महिने न उघडलेलं वरच्या मजल्यावरचं बाथरूम अगदी काळंकुट्ट झालं होतं. मी नेहमीच्या दुप्पट पावडर लावली.

वलवणला काम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, बंगल्यात शिरलं की पहिलं काम काय? खिडक्या लावून घेणं. माकडं. एक खिडकी फटीएवढी राहिली तरी अख्खं खानदान आत येतं. आदल्याच आठवड्यात त्यांनी खालच्या हॉलमधली उशी फाडून कापूस जिन्यापर्यंत नेला होता. म्हणून मी बाथरूमची सरकती खिडकी लावली, कडी घातली, दारही ओढून घेतलं आणि ॲसिड ओतलं.

नेहमीचा ठसका आला. मी मनात म्हटलं, लागू पडलं. खाली वाकून ब्रश लावायला घेतला तर फरशीलगत हिरवट-पिवळं काहीतरी तरंगताना दिसलं. पुढचा श्वास आत गेलाच नाही. घशाला कोणी आतून मूठ आवळावी तसं झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, समोरचं काही दिसेना. दाराचं हँडल मला सापडेना. ते किती वेळ सापडलं नाही मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात मला स्वच्छ कळलं होतं की मी इथे मरणार आहे, आणि तेही दुसऱ्याच्या बाथरूममध्ये.

सापडलं एकदाचं. जिन्यावरून बसत बसत खाली आले. बंगल्याचे केअरटेकर बबनभाऊ बागेला पाणी घालत होते, ते धावत आले.

"वैनी, काय झालं? वैनी!"

"काय न्हाई," मी म्हटलं. "ठसका लागला."

घरी येऊन मी गरम पाणी प्यायले, हळद-दूध प्यायले आणि पडून राहिले. बाहेरच्या हवेत आल्यावर बरं वाटायला लागलं होतं, म्हणून वाटलं टळलं. ते टळलेलं नसतं. हे लक्षात ठेवा, असा वायू आत गेला की तास-दोन तास माणसाला बरं वाटू शकतं आणि मग उलटतं. दिवेलागणीला प्रियांका चहा घेऊन आली आणि कपासकट दारातच थांबली.

"आई, तुमचे ओठ असे का दिसतायत?"

लोणावळ्यातल्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला आणि मला घरी जाऊच दिलं नाही. ऑक्सिजन लावून रुग्णवाहिकेत घातलं आणि तळेगावच्या बाजूच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

काय वापरलं होतं?

तिथल्या डॉक्टर वयाने माझ्या सुनेएवढ्याच. नाकात नळी, हातात सुई, आणि त्या कानाशी वाकून विचारतायत, "ताई, बाथरूममध्ये काय वापरलं होतं?"

"ॲसिड."

"फक्त ॲसिड? दुसरं काही त्यात मिसळलं होतं का? ब्लीच, पावडर?"

मी मान हलवली. नाही.

का खोटं बोलले, हे नीट सांगते, कारण माझ्यासारख्या खूप असतील. नवरा शेजारी उभा होता. दारात बबनभाऊ होते. मी म्हणजे वलवणमध्ये साफसफाईतली शेवटची अदालत. माझ्याच डबलने मला आडवं केलं, हे कळलं असतं तर उद्यापासून बायका तोंडावर पदर धरून हसल्या असत्या, आणि बंगला हातचा गेला असता. श्वास मिळत नव्हता, पण नाक वर होतं. ऑक्सिजनची नळी लावलेलं नाक.

डॉक्टर म्हणाल्या, "फुप्फुसं आतून भाजल्यासारखी झाली आहेत. आठ दिवस तरी लागतील. नंतरही दम लागणं राहू शकतं." मी विचारलं, "कामाला कवा जाता येईल?" त्या केसपेपरवर काहीतरी लिहीत राहिल्या.

रुग्णालयातले दिवस एकसारखे असतात. सकाळी रक्त काढतात, मग वाफेचं मशीन, मग गोळ्या, मग पुन्हा वाफ. मला आडवं झोपता यायचं नाही, तीन उशा लावून बसूनच असायचे. दर श्वासाला छातीत शिट्टी वाजायची. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणायच्या, "बाई, तुझी गाडी सुटायची येळ झाली वाटतं."

एक गोष्ट मात्र जन्मभर विसरणार नाही. वॉर्ड पुसायला एक मावशी यायच्या. पहिल्या सकाळी त्यांच्या बादलीतल्या फिनेलच्या वासाने मला असा खोकला सुटला की नर्स धावत आली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि माझ्या खाटेच्या अलीकडे थांबल्या. बादली बाहेर नेऊन ओतली, साधं पाणी आणलं आणि माझ्या खाटेभोवतीची जागा नुसत्या पाण्याने दोनदा पुसली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. चौदा वर्षं फरशी पुसली, पण त्या खोलीत श्वास घेणारं कोणी असतं, हा विचार मी एकदाही केला नव्हता.

शनिवार

शनिवारी दुपारच्या भेटीच्या वेळेला नवरा डबा घेऊन आला. बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "तू काळजी करू नको. बंगल्याचं काम अडलं न्हाई. प्रियांका गेलीय."

"कुटं?"

"धरणाकडच्या बंगल्यावर. एकला पावनं येणारेत. तूच सोडून आली व्हतीस ना वरचं बाथरूम. म्हणाली, आईंचं नाव जायला नको."

"सामान?"

"तुजंच की. तुजी पावडर, तुजी बाटली. तितंच ठेवलं व्हतं बबननं."

भिंतीवर घड्याळ होतं. बारा वाजून पाच मिनिटं.

तिला डबल येत होता. मीच शिकवला होता, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. तिने तेव्हा पिशवीवरचं वाचायला घेतलं होतं आणि मी तिच्या हातून पिशवी काढून घेतली होती. खिडकी लावून घे, हेही मीच सांगितलं होतं. आणि मी डॉक्टरांना फक्त ॲसिड सांगितल्यामुळे घरात सगळ्यांना वाटत होतं, या खेपेला ॲसिडच जास्त कडक लागलं.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिचा फोन कामाच्या वेळी पिशवीत आणि पिशवी खाली ओट्यावर, ही शिस्तही माझीच. मग बबनभाऊंना लावला. त्यांनी उचलला, "बोला वैनी, कसं हाय?" आणि मी बोलायला तोंड उघडलं तर नुसता खोकला. एक शब्द निघेना. ते पलीकडून "हॅलो, हॅलो, रेंज न्हाई" करतायत. नवऱ्याने फोन घेतला. पण तो काय सांगणार? मी त्यालाही काही सांगितलं नव्हतं.

खोकला ऐकून डॉक्टर आल्या. नर्स मास्क चढवायला लागली. मी तो ओढून काढला.

"डबल," मी म्हटलं. कोणाला कळेना. "पावडर... आन् ॲसिड. एकात. मी खोटं बोलले. सून करतीय. खिडकी... बंद."

डॉक्टरांना पहिल्या दोन शब्दांतच कळलं. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. "वर बाथरूममध्ये बाई आहे का? तिला ताबडतोब बाहेर काढा. दार उघडून लांबूनच हाक मारा, वास आला तर आत शिरू नका, सगळ्या खिडक्या उघडा. फोन नंतर करा, आधी पळा."

मग काही नाही. फोन बंद झाला आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. मास्क पुन्हा चढवलेला. श्वास मोजायची सवय लागली होती, पण त्या वेळी मी माझे मोजत नव्हते. मला दिसत होतं ते दाराचं हँडल आणि ते चाचपणारा तिचा हात. नवरा खाटेची दांडी धरून उभा होता. एकदाच म्हणाला, "नंदे, तुला डॉक्टरनी इचारलं व्हतं ना?" मी डोळे मिटले.

बारा वाजून सोळा मिनिटांनी फोन वाजला. डॉक्टरांनी तो माझ्या कानाला लावला.

"आई?" प्रियांका धापा टाकत होती. "आई, बबनभाऊंनी हाताला धरून ओढलं मला, जिन्यावरून धावत आणलं. काय झालं? तुम्ही बऱ्या आहात ना?"

"वतलंस?"

"काय?"

"ॲसिड... वतलंस का?"

"नाही अजून. पावडर लावली होती. बाटलीचं झाकण काढलं होतं, तेवढ्यात हाक आली."

मी रडले. मास्कच्या आत रडता येत नाही, गुदमरतं, पण रडले. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी केसपेपर घेतला आणि आधी लिहिलेलं खोडून नवीन लिहिलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "ताई, आम्ही हसायला विचारत नाही."

घरी

अकराव्या दिवशी घरी सोडलं. लोकांना वाटतं घरी आलं की बरं झालं. तसं नसतं. फोडणीचा धूर, उदबत्ती, शेजारणीचा पावडर-सेंट, घाटात उतरणारं थंड धुकं, काहीही झालं की घसा बंद. रोज सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप तोंडात धरून ओढायचा. विहिरीपर्यंत जाऊन आले की ओसरीवर बसायचं. आणि नवरा बोलेना. महिनाभर "जेवलीस?" आणि "गोळी घेतलीस?" एवढंच. एक दिवस मीच म्हटलं, काय ते एकदाचं बोलून टाका. तो म्हणाला, "तू मेली असतीस तर रडलो असतो. पर ती गेली असती तर पोराला काय सांगितलं असतं? की तुज्या आयचं नाव राहायला पायजे व्हतं म्हणून?"

काम प्रियांकाने धरलं, पण तिच्या अटींवर. पहिली अट, बाथरूमच्या खिडक्यांना जाळी. जाळी नाही तर काम नाही, असं तिने मालकाला फोनवर सांगितलं आणि मी पलंगावर बसून देवाचं नाव घेतलं. जाळ्या लागल्या. माकडं बाहेर, वारा आत. एवढं सोपं होतं. दुसरी अट, ॲसिड आणि पावडर बंगल्याबाहेर.

मग ती साफ कशाने करते? खायच्या सोड्याचा लगदा सांध्यांवर लावते, ताठ ब्रशने घासते, साबणाच्या पाण्याने धुते. भांड्यांना आणि ओट्याला रिठ्याचं पाणी. काचेला पाण्यात पातळ केलेला शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि जुना कागद. नळाच्या पांढऱ्या डागांना लिंबाची साल. आणि काम झालं की फरशी कोरडी करून दार-खिडकी उघडी ठेवते, कारण काळं मुळात ओलीवर वाढतं. खरं सांगायचं तर डबलएवढं झटपट निघत नाही. दोनदा-तीनदा घासावं लागतं आणि जुनं काळं थोडं राहतंच. मालकाची पहिली तक्रार वेगळीच होती. "वास येत नाही. साफ केलंय ना नक्की?" प्रियांका म्हणाली, "साहेब, साफ जागेला वास नसतोच."

आणखी एक सांगते, कारण इथे मी दुसऱ्यांदा पाय घसरणार होते. लिंबू आणि शिरका घरातला म्हणून मी म्हटलं, थोडं पावडरीवर टाकून बघू, ते तर नैसर्गिक आहे. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं, या वेळी आधी विचारलं, आणि त्या खुर्चीतून उठल्याच. आंबट काहीही ब्लिचिंगवर पडलं की तोच वायू. नैसर्गिक म्हणजे कशातही मिसळावं असं नाही. एका वेळी एकच वस्तू, आणि खिडकी उघडी. एवढं पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल.

सात घरं

दिवाळीनंतर दम जरा सावरला तेव्हा मी प्रियांकाला म्हटलं, मला सात घरं फिरायचीत. ज्यांना शिकवलं त्यांना जाऊन सांगायचंय की चुकीचं शिकवलं. ती म्हणाली, फोन करा. पण फोनवर लोक "हो हो" म्हणतात आणि बाटली तशीच राहते. दर रविवारी एक-दोन घरं करत गेलो. एकीने चहा दिला आणि सांगितलं, "आमाला तर काय बी झालं न्हाई बया." एकीने विचारलं, मंग दुसरं काय वापरू, ते दाखव, म्हणून तिचं अख्खं बाथरूम प्रियांकाने घासून दाखवलं. एक खरंच हसली, तोंडावर पदर धरून. हसू दिलं.

शेवटचं घर हिरामावशीचं, भाजे गावात. वय साठीच्या पुढे, लेण्यांच्या रस्त्यावरच्या एका घरी पाहुण्यांच्या खोल्या झाडते. डबल सगळ्यात आधी मी तिलाच शिकवला होता. मी सगळं सांगितलं, बुधवार, शनिवार, काही न गाळता. ती ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. ऐकताना हात थांबले नाहीत. मध्ये मध्ये खोकत होती. पाच-सहा वर्षं झाली, तिला दमा आहे असं सगळे म्हणतात. चुलीचा धूर, वय, पावसाळी हवा, असं मीही म्हणायचे.

माझं बोलून झालं. तिने सूप खाली ठेवलं.

"मंग ह्यो माजा दमा?"

"मला ठावं न्हाई, मावशी," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि त्याच्या आड मला लपताही येत होतं. प्रियांकाने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मळवली स्टेशनवरून गाडी धरून मी मावशीला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणीच्या खोलीत आम्ही दोघी शेजारी बसलो. मावशीने माझा हात घट्ट धरला होता, तिला दवाखान्याची भीती वाटते. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, किती वर्षांपासून, कोणत्या महिन्यात जास्त, घरी चूल आहे का, एकेक विचारत गेल्या. मग म्हणाल्या, "आणि मावशी, कामाला साफसफाईसाठी काय वापरता?"

मावशीने आधी माझ्याकडे बघितलं.

"काय न्हाई वो," ती म्हणाली. "आपला साबन. सोडा. साधंच."

माझ्यासाठी बोलली ती. डॉक्टर लिहायला लागल्या.

"थांबा, मॅडम," मी म्हटलं. "ती खोटं बोलतीय. पावडर आन् ॲसिड, एकात एक, खिडकी लावून. धा वर्सं. मी शिकवलं तिला."

मावशीने माझा हात सोडला. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेतले आणि डॉक्टरांना म्हणाली, "व्हय. तसंच."